अंतोनच्या खिशातली सुई

माईक जरा खाली घ्या. हां, बास.

फादर, पाळकसाहेब, वहिनी, कारखान्यातली सगळी मंडळी, शेजारीपाजारी. कामधंदा टाकून आलात. दोन्ही चर्चची माणसं एका हॉलमध्ये, एका रांगेत बसलीत. अंतोन असता तर म्हणाला असता, "शांतवन, एवढ्यासाठी मला मरावं लागलं व्हय रे?" तो असंच बोलायचा. मयतीला गेला तरी बोलायचा. लोक मला म्हणायचे, तुमच्या पार्टनरला आवरा.

मी फादरना सांगितलं होतं, माझं नाव यादीत घालू नका. रडू येईल म्हणून नव्हे. रडू येत नाही म्हणून. आज सहावा दिवस. मातीला गेलो, मूठभर माती टाकली, घरी आलो, हात धुतले, जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. माग चालू होते. मी टॉवेलच्या घड्या घालत बसलो. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात, मग गाल आपला असून आपला वाटत नाही. तसं सगळ्या अंगाचं झालंय. माणसं येतात, खांद्यावर हात ठेवतात. हात दिसतो, लागत नाही.

तरी बोलायचंय. नुसतं त्याचं गुणगान करायला मी उभा राहिलो नाही. एक गोष्ट सांगायचीय, ती सांगितल्याशिवाय खाली बसणार नाही. वहिनींना विचारून उभा राहिलोय. तेव्हा मधेच कुणी माझा सदरा ओढू नका.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी शांतवन. अंतोनचा भागीदार. आमची गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही दोघं एकाच खात्यात होतो. बाकीचे पुण्याला गेले, भिवंडीला गेले. आम्ही दोघांनी मिळून चार जुने माग घेतले आणि टॉवेल विणायला लागलो. एकतीस वर्षं झाली. तो बाजार बघायचा, सूत आणायचा, माणसं सांभाळायचा. मी माल बघायचो. तो कॅथलिक, मी प्रोटेस्टंट. सोलापुरात लोकांना वाटतं, ख्रिस्ती म्हणजे सगळे एकच. आमच्या टेबलावर येऊन बघायचं होतं.

भांडण पहिल्या दिवसापासूनचं. पैसा, गरीब आणि देव. दुसरा विषय नाही.

मी मोडनिंबच्या शाळामास्तरचा मुलगा. आमच्या घरात शिकवण अशी की देवानं हात दिलेत, काम दिलंय, ते चोख करायचं. चैन नाही, उधळमाधळ नाही. मिळेल त्यातला दहावा हिस्सा देवाचा. उरेल ते परत धंद्यात घालायचं, म्हणजे अजून चार हातांना काम मिळतं. गरिबाला भाकरी दिली तर तो उद्या परत दारात उभा. काम दिलं तर ताठ मानेनं घरी जातो. फुकटचं घेतलं की माणूस वाकतो. माझे वडील हे म्हणायचे, मी म्हणतो, पाळकसाहेबही म्हणतात. बघा, मान हलवतायत.

अंतोन कुर्डुवाडीचा. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात. त्यांच्या घरात शिकवण वेगळी. आपल्या गरजेच्या वर जे आहे ते आपलं नाहीच. ते गरिबाचं आहे, आपल्याकडं नुसतं ठेवायला दिलंय. ते दिलं तर उपकार केला नाही, ज्याचं त्याला पोचवलं. मला म्हणायचा, "तू गरिबाला काम देतोस, चांगलंय. म्हाताऱ्याला काय काम देणार हाईस? लुळ्याला? आधी पोट, मग शहाणपण की रे."

मीही सोडायचो नाही. म्हणायचो, "तुमचं बरंय. वाटत सुटायचं आणि वर जागा धरून ठेवायची. आमच्यात जिवाचं तारण देवाच्या कृपेनं. पुण्य जोडून नाही."

तर भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचा, "कृपेनं फुकट मिळणार हाय, तर मग एवढा राबतोस कशाला? घे की सुट्टी."

ह्याचं उत्तर मला एकतीस वर्षांत सुचलं नाही. पाळकसाहेब, तुम्हाला सुचलं तर सांगा. आता उशीर झाला, पण सांगा.

दुपारी एकाच टेबलावर जेवायचो. तो कपाळाला बोटं लावायचा, क्रूस काढायचा, की झाली त्याची प्रार्थना. मी डोळे मिटून सविस्तर करायचो. डोळे उघडावेत तर माझ्या डब्यातली शेंगाचटणी अर्धी गायब. म्हणायचा, "तुझं आमेन येईस्तोवर भाकरी वातड होती, मी काय करू?" परवा डबा उघडला. डोळे मिटले, उघडले. चटणी आहे तेवढीच होती. झाकण लावलं आणि डबा परत घरी नेला.

आमच्या चर्चात हंगामाचा सण असतो. लोक भोपळा आणतात, अंडी, कोंबडी, ज्वारीची कणसं आणतात, उपासना झाली की त्यांचा लिलाव करतात. हा दरवर्षी यायचा. कॅथलिक माणूस पहिल्या बाकावर. सगळ्यात मोठ्या भोपळ्यावर बोली चढवत न्यायचा, आमच्या वडीलधाऱ्यांना इरेला घालायचा, भोपळा घ्यायचा, आणि फाटकाबाहेर झाडणाऱ्या बाईच्या हातात देऊन निघून जायचा. मला राग यायचा. खरं सांगतो, यायचा. मी म्हणायचो, तिला भोपळा पाहिजे का, हे तरी विचारलंस? तो म्हणायचा, भूक विचारून येती का?

आता मुद्द्याचं.

टॉवेलचा माल दोन प्रकारचा निघतो. चांगला तो फर्स्ट. धागा ओढलेला, डाग पडलेला तो सेकंड. फर्स्ट व्यापाऱ्याला जातो. सेकंडचं काय करायचं, ह्यावर आमची पाच वर्षं भांडणं. मी म्हणायचो, दारात स्वस्तात विकू. चार पैसे का होईना देऊन माणूस घेतो, त्याची मान राहते. तो म्हणायचा, वाटून टाकू. शेवटी मी हरलो. ठरलं की फर्स्ट माझ्या नजरेखाली, सेकंड त्याचे. नाताळ आणि ईस्टरला तो गठ्ठे बांधून वृद्धाश्रमात न्यायचा, सरकारी दवाखान्यात न्यायचा, कुठं कुठं न्यायचा. मी एकदाच सोबत गेलो, दोन वर्षांमागं, नाताळला. एक म्हातारी टॉवेल गालाला लावून बसली होती. मी लगेच बाहेर येऊन उभा राहिलो.

मग आम्ही नवे माग घेतले. माल सुधारला. सेकंड निघेनात. मी खूश. अंतोन गप्प गप्प. मला वाटलं, शुगर वाढली असेल.

आणि त्यानंतर सेकंड परत निघायला लागले.

आमच्याकडं तपासणीच्या टेबलावर नरसम्माबाई होत्या. तिसऱ्या रांगेत, खिडकीशी बसल्यात. बाई, उठू नका, बसा. पंचवीस वर्षं त्यांनी टॉवेल तपासले. हात फिरवला की दोष कळायचा. ओढलेला धागा आकड्याच्या सुईनं असा आत घ्यायच्या की मलाही सापडायचा नाही. त्यांनी पास केलेला गठ्ठा मी शेवटी वरवर बघायचो, तेवढंच. त्या गठ्ठ्यात मला धागा ओढलेले टॉवेल सापडायला लागले. एक नाही, दोन नाही. रोज.

मी विचारलं, हे कसं सुटलं? त्या म्हणाल्या, "नाकु तेल्वदु शेट. मला ठाऊक नाही. मी सोडले तवा चांगले होते." मी म्हणालो, डोळे तपासून घे. त्यांनी चष्मा आणला. तरी तेच. त्यात त्यांची सुई हरवली. मी त्यावरूनही बोललो. मी कडक माणूस आहे, तुम्हाला ठाऊक आहे. एक दिवस पाळी सुटायच्या वेळी, फाटकात, सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "नरसम्मा, तुझी नजर गेली. उद्यापासून येऊ नको."

 त्यांनी पदर खोचला आणि गेल्या. अंतोन तिथंच उभा होता. चपलेकडं बघत होता.

आत आल्यावर मला म्हणाला, "ठेव की रे तिला." मी म्हणालो, "तुझी दया तुझ्यापाशी. काम म्हणजे काम."

आणि काय सांगू तुम्हाला. त्या गेल्या आणि माल सुधारला. एकही टॉवेल खराब निघेना. मी ज्याला त्याला सांगत फिरलो की बघा, मी म्हणत होतो ना. दोन वर्षं सांगत होतो. दुसऱ्या कारखानदारांना सांगितलं. त्यामुळे बाईंना तपासणीचं काम कुणी दिलं नाही. घरी मुलीबरोबर बसून त्या विड्या वळतात.

मागच्या आठवड्यात मी दवाखान्यात गेलो. अंतोनच्या नाकात नळी होती. वहिनी चहा प्यायला खाली गेल्या होत्या. तो म्हणाला, दार लोटून घे. मी लोटून घेतलं.

म्हणाला, "शांतवन, ते टॉवेल मी खराब करत होतो."

मला कळेना. मी म्हणालो, कुठले टॉवेल?

म्हणाला, "नरसम्माचे. बायका जेवायला गेल्या की मी तिच्या पास केलेल्या गठ्ठ्यातले धागे ओढायचो. तिचीच सुई घेऊन. सेकंड कमी पडत हुते रे. मी वृद्धाश्रमात शब्द दिला हुता."

मी म्हणालो, मला मागायचे ना.

म्हणाला, "तू दिले असतेस?"

नसते दिले. दिले नसते मी. फर्स्ट माल फुकट? मी त्याला तासभर ऐकवलं असतं. त्यानं स्वतःच्या वाट्यातून द्यावं म्हटलं, तर त्याचा वाटा कधीच वाटून संपलेला.

मी विचारलं, फाटकात का नाही बोललास? तर म्हणाला, भ्यालो. तू भागीदारी मोडली असतीस. मग म्हणाला, फादरना सांगितलंय, तुला सांगायचं राहिलं हुतं. फादर, तुम्ही खाली बघू नका. मी तुम्हाला काही विचारत नाही. तुमच्याकडं पापकबुलीत ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं, मला माहीत आहे.

मग अंतोन म्हणाला, "काय तरी बोल की."

मी काही बोललो नाही. मला इतका राग आला होता की कानात मागाचा आवाज ऐकू येत होता. एकतीस वर्षं ज्यानं मला गरिबांवर प्रवचनं दिली, त्यानं एका गरीब बाईच्या पोटावर माझा पाय ठेवला आणि आपण चपलेकडं बघत राहिला. मी उठलो. दार उघडलं आणि निघून आलो. म्हटलं, चार दिवस जाऊ देत, राग उतरला की येतो.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

मातीच्या वेळी नरसम्माबाई आल्या होत्या. रडत होत्या. मला म्हणाल्या, "शेट, अंतोनशेट देवमाणूस. मला काढल्यापासून दर महिन्याला पिशवी आणून द्यायचा. ज्वारी, डाळ, तेल. एक महिना चुकला नाही." मी हूं म्हणालो. त्या रडत होत्या आणि मी नुसता उभा होतो. वाटलं, आत्ता सांगावं. नाही सांगितलं.

आज सकाळी वहिनींनी मला बोलावलं. दवाखान्यातून अंतोनच्या कपड्यांची पिशवी आली होती. सदऱ्याच्या खिशात जपमाळ होती, आणि जपमाळेत अडकलेली ही सुई. ही बघा. टोकाला आकडा. वहिनी म्हणाल्या, हे तुमच्या कारखान्यातलं दिसतंय. मग मी बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी जपमाळेतून सुई सोडवली आणि माझ्या हातात ठेवली. मग म्हणाल्या, "भावजी, आमच्यात मेल्यावर जिवाला शुद्ध व्हायला थांबावं लागतं. आपण मागं राहिलेल्यांनी प्रार्थना केली की त्याला मदत होती. तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करा."

मी म्हणालो, वहिनी, आमच्यात मेलेल्या माणसासाठी प्रार्थना नाही. तो देवाच्या हातात गेला, संपलं.

त्या म्हणाल्या, "मग नका करू. पण त्यांचं जे करायचं राहिलंय ते तुम्ही करा. लोकांना सांगा. त्यांचं नाव जाईल, जाऊ द्या. नाहीतर तिथं ते निवांत बसायचे नाहीत. मला माहीत हायेत ते."

म्हणून मी उभा आहे. वहिनी, तुम्ही म्हणालात तसं करतोय. ह्याला तुम्ही प्रार्थना म्हणा, मी काम म्हणतो.

पाळकसाहेब, फादर, सहा दिवस मी एकाच गोष्टीचा विचार करतोय, कारण दुसरं काही डोक्यात शिरत नाही. आम्ही दोघं एवढे भांडलो. गरिबाला द्यावं की गरिबाला काम द्यावं. त्यानं दिलं. दर महिन्याला पिशवी दिली, ज्वारी, डाळ, तेल, चुकला नाही. आणि मी कामाचा हिशेब चोख ठेवला, नियमानं वागलो. बाईंना दोन वर्षांत पिशवी मिळाली, नियम मिळाला. त्यांची नजर चांगली आहे, एवढं एक वाक्य पाहिजे होतं. ते आमच्या दोघांपैकी एकानंही दिलं नाही. त्याला खरं माहीत होतं, पण भ्याला म्हणून त्यानं दिलं नाही. मी तर खोलात गेलोच नाही. पंचवीस वर्षांची नजर एका महिन्यात जाते का हो? एवढं मला सुचू नये? फुकट घेतलं की माणूस वाकतो म्हणत होतो ना मी? बाईंना वाकायला आम्हीच लावलं.

अंतोनवर राग आहे का? आहे. आजही आहे. मी खोटं बोलणार नाही, त्याचा फोटो समोर आहे. पण माणूस चांगला नव्हता असं कुणी माझ्यासमोर म्हटलं तर त्याला मी ह्या हॉलच्या बाहेर काढीन. त्या म्हातारीच्या गालाला लागलेला टॉवेल मी बघितलाय. तो टॉवेल बहुतेक फर्स्टच असणार.

आता सगळ्यांनी ऐका. कारखान्यातल्यांनी ऐका, जे त्या दिवशी फाटकात होते त्यांनी नीट ऐका. दुसऱ्या कारखान्यांचे मालक आलेत, तुम्हीही ऐका, कारण तुम्हाला मीच सांगितलं होतं.

नरसम्माबाईंची नजर गेली नव्हती. त्यांच्या हातून एकही खराब टॉवेल सुटला नाही. धागे अंतोननं ओढले आणि चूक मी त्यांच्या माथ्यावर मारली. सुई त्यांनी हरवली नाही.

नरसम्माबाई. पंचवीस वर्षं मी तुम्हाला अगं-तुगं केलं, फाटकातही केलं. आज सगळ्यांच्या देखत माफी मागतो. माफ करा, असं म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा, आज नको, सावकाश. तपासणीचं टेबल तुमचं आहे. यायचं असेल तर सोमवारी या. नसेल यायचं तर मी समजेन. दोन वर्षांचं जे काही तुमचं बुडलं, ते मी घरी येऊन बोलेन, तुमच्या मुलीसमोर. पिशवी घेऊन नाही येणार.

आणि अंतोन, तू विचारलं होतंस. काय तरी बोल की. तर बोललो. तू ऐकायला असतास तर बरं झालं असतं. तेवढं मात्र मला आता, इथं उभा असताना, जरा लागतंय.

मी खाली येतो. ही सुई मला तिसऱ्या रांगेत द्यायचीय. मी तिथं पोचेपर्यंत कुणी बोलू नका. सगळ्यांनी उभे राहा. ज्यांच्यात मेलेल्यासाठी प्रार्थना करतात त्यांनी ती करा. ज्यांच्यात करत नाहीत त्यांनी नुसतं उभं राहा. बाई, तुम्ही तेवढ्या बसा.